ट्रॅक्टरचा गिअर अडला तर : आधी निदान, मग कागद, शेवटी पाना



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की बेणे, लागण नाहीतर खोडवा यांवर काही असेल अशी आपली अपेक्षा असणार. या वेळी विषय लोखंडाचा आहे. शेतात ऊस कितीही जोमदार आला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत सभासदाचे काम संपत नाही, आणि गव्हाणीपर्यंतचा रस्ता आज बहुतेकांचा ट्रॅक्टरनेच होतो. हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला की तोडलेला ऊस फडात वाळतो. तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे असे आम्ही नेहमी सांगतो; उशीर झाला की वजन घटते आणि उताराही घटतो. टोळी बसून राहते, दिलेली उचल अंगावर येते, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

आमच्या गट कार्यालयात येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार वरचेवर ऐकू येते. "साहेब, गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे. गिअर नीट पडत नाही. शोरूमवाले म्हणतात, हे वॉरंटीत बसत नाही." अशा वेळी सभासद संतापतो, डीलर कागद पुढे करतो आणि ट्रॅक्टर मधल्यामध्ये उभा राहतो.

आम्ही शेतकी पदविकेचे लोक, यंत्राचे इंजिनिअर नव्हे. पण वाहन दुरुस्ती करणाऱ्या जाणत्या फिटरांशी बोलून आणि सभासदांची हमीपत्रे वाचून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. हमीचा दावा मिळतो की बुडतो, हे बहुधा एका प्रश्नावर ठरते : दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा? क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू म्हणून बहुतेक हमीपत्रांतून वगळलेली असते. गिअरबॉक्समधले दात, फोर्क, शाफ्ट हे मात्र सामान्यतः हमीत येतात. हा फरक ज्या मालकाला कळत नाही, त्याच्या वतीने तो दुसराच कोणी तरी ठरवून टाकतो. म्हणून हा पाठ.

गिअर पडतो म्हणजे काय होते

इंजिन जोरात फिरते, चाकाला मात्र सावकाश पण ताकदीने फिरायचे असते. लहान दाताचे चक्र मोठ्या चक्राला फिरवते तेव्हा वेग कमी होतो आणि ओढ वाढते. कोणत्या जोडीने काम करायचे, हे गिअरच्या दांडीने निवडायचे. दांडीच्या खालच्या टोकाने एक रेल सरकते, रेलवर बसवलेला फोर्क चक्राला किंवा कॉलरला ढकलतो आणि दात दातात बसतो. बसलेला दात सुटू नये म्हणून रेलच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी असते. एका वेळी दोन गिअर पडू नयेत म्हणून आणखी एक पिन असते, तिला इंटरलॉक म्हणतात.

या सगळ्याच्या अलीकडे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, क्लच. बैल बदलायचा तर आधी जोते सोडावे लागते. मानेवर जू असताना बैल बदलता येत नाही. क्लचचे पेडल दाबणे म्हणजे जोते सोडणे. जोते पूर्ण सुटले नाही आणि आपण गिअर बदलायला गेलो, तर दात दातावर घासणारच.

गिअरबॉक्सचे मुख्य प्रकार तीन. जुन्या ट्रॅक्टरांत स्लायडिंग मेश, म्हणजे चक्र स्वतः सरकून दुसऱ्याला भिडते. त्यानंतरच्या कॉन्स्टंट मेशमध्ये चक्रे कायम गुंतलेली असतात आणि कॉलर सरकून हवी ती जोडी शाफ्टला बांधते. तिसरा सिंक्रोमेश. त्यात एक पितळी किंवा तशाच धातूची कडी आधी दोघांचा वेग एकसारखा करते आणि मग दात बसतात. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत हा प्रकार आला, आणि चालत्या गाडीत आवाज न करता गिअर बदलणे सोपे झाले.

आपला ट्रॅक्टर यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे मालकाला माहीत हवेच. साधा कॉन्स्टंट मेश असेल तर चालत्या ट्रॅक्टरला मोटारीसारखा गिअर मारता येत नाही. काही ट्रॅक्टरांत मुख्य गिअर सिंक्रोमेश असतो, पण हाय-लो बदलण्याची दांडी साधीच असते. ती ओढण्यापूर्वी ट्रॅक्टर पूर्ण थांबलाच पाहिजे. आज ट्रॅक्टर चालवणारा ड्रायव्हर काल ट्रकवर होता, तर त्याला हे आवर्जून सांगावे.

लक्षण ओळखा

डॉक्टरकडे गेल्यावर नुसते "बरे वाटत नाही" म्हणून भागत नाही. शोरूममध्येही "गिअरचा प्रॉब्लेम आहे" एवढे सांगून भागणार नाही. पुढील लक्षणांपैकी आपले कोणते ते नेमके सांगावे.

१. गिअर टाकताना करकर आवाज येतो. सर्व गिअरना येत असेल तर संशय प्रथम क्लचवर. एकाच गिअरला येत असेल तर संशय त्या गिअरच्या कडीवर किंवा दातांवर.

२. दांडी अडते, जोर करूनही गिअर पडत नाही, किंवा पडलेला निघत नाही. क्लच न सुटणे, रेल किंवा फोर्क वाकणे, इंटरलॉक अडकणे ही कारणे असू शकतात. थंडीच्या पहाटे तेल घट्ट असल्यानेही दांडी जड लागते, पण तासाभराने ती मोकळी होते.

३. गिअर आपोआप सुटतो. ओझ्याखाली, किंवा उतारावर पाय सैल केल्यावर, दांडी उडी मारून न्यूट्रलला येते. गोळीची स्प्रिंग ढिली होणे, फोर्क झिजणे, दातांच्या कडा गोल होणे किंवा बेअरिंगमध्ये खेळ येणे ही याची कारणे. हा दोष क्लचचा नव्हे, हे लक्षात ठेवा.

४. इंजिन तापते, आवाज वाढतो, पण ट्रॅक्टर त्या मानाने पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो. क्लच घसरत आहे.

५. नुसता आवाज. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे. एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या जोडीचे दात.

तिसऱ्या लक्षणाबद्दल थोडे जास्त लिहितो. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना उतारावर गिअर सुटला, तर इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळे ओझे पुढे ढकलू लागते. अशा वेळी जोडलेले दोन्ही ब्रेक एकदम लावणे एवढेच हाती राहते; वेगात खालचा गिअर घुसवण्याची खटपट करू नये. गिअर एकदा जरी सुटला, तरी तो ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत भरलेल्या ट्रॉलीला जोडू नका. खेप बुडाली तर ती पुढे भरून निघते. ड्रायव्हर आणि रस्त्यावरची माणसे यांचे तसे नाही.

चार चाचण्या : घरच्या अंगणात, हत्याराशिवाय

जागा सपाट असावी, ट्रॉली सोडलेली असावी. पहिल्या दोन चाचण्यांना हँडब्रेक लावून चाकांना दगड द्यावेत. चारही चाचण्यांच्या वेळी मुलेबाळे लांब ठेवावीत.

पहिली चाचणी, इंजिन बंद ठेवून. पेडल दाबून एकेक गिअर टाकून पाहा. दातावर दात आला तर ट्रॅक्टर किंचित हलवावा लागेल, ते साहजिक आहे. इंजिन बंद असतानाही एखादा गिअर अडत असेल, तर त्यात क्लचचा काही संबंध नाही. दोष दांडी, रेल किंवा फोर्क यांत आहे.

दुसरी चाचणी, इंजिन अगदी हळू ठेवून. पेडल पूर्ण खाली दाबा, मनातल्या मनात दहा अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. गप पडला, तर यंत्र बहुधा ठीक आहे आणि आपली घाई आवाज करत होती. दहा अंक मोजूनही करकर आलीच, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

तिसरी चाचणी क्लच घसरतो का हे पाहण्याची. समोर मोकळी जागा ठेवा, ब्रेक पेडले एकमेकांस जोडून घट्ट दाबा, वरचा गिअर टाका, इंजिन मध्यम ठेवा आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन धापा टाकून बंद पडले पाहिजे. ते फिरतच राहिले तर क्लच घसरतो. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटसुद्धा जळेल.

चौथी चाचणी, रिकामा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर चालवून. प्रत्येक गिअरमध्ये थोडे चालवा, वेग द्या आणि पाय सोडा. कोणत्या गिअरला दांडी थरथरते, कोणता सुटतो, आवाज कोठे येतो, हे वहीत लिहा. शेजारी तास मीटरचा आकडा आणि तारीख.

एवढे केल्यावर दोष कोणत्या घरचा ते बहुतेक वेळा कळते. हे न करता गिअरबॉक्स उघडला आणि खोट क्लचच्या पेडलात निघाली, तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते.

मालकाच्या हातातले उपाय

दोन गोष्टी मालकाने स्वतः पाहायच्याच आहेत. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तकातही त्या सांगितलेल्या असतात.

पहिली, क्लच पेडलचा मोकळा खेळ. पेडल बोटाने दाबले असता जड लागण्यापूर्वी जेवढे सैल खाली जाते, तो खेळ. बहुतेक ट्रॅक्टरांत तो २० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा आपल्या पुस्तकात पाहावा. खेळ फार वाढला तर पेडल तळाला जाऊनही क्लच सुटत नाही आणि गिअर करकरतात. खेळ उरलाच नाही तर क्लच घसरतो आणि रिलीज बेअरिंग अकाली जाते. नवी प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो, म्हणून तो ठराविक तासांनी मापावा लागतो. कित्येकांची "गिअरबॉक्सची" तक्रार एवढ्यावरच मिटते.

दुसरी, गिअरबॉक्सचे तेल. कांडी काढून पातळी पाहा. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. चिखलातल्या रोटाव्हेटरनंतर आणि पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरबाबत हे विशेष पाहावे. पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच तेल घाला आणि त्याची पावती ठेवा. कित्येक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक यांना एकच तेल असते; तिथे दुकानदार देईल ते तेल ओतले तर तिन्हींचे नुकसान. तेल बदलताना निचऱ्याच्या बोल्टला चिकटलेला चुरा पाहा. मऊ काळी लापशी असेल तर ती नेहमीची झीज. कपच्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर त्याचा फोटो काढा, तो तुकडा आणि थोडे तेल बाटलीत भरून ठेवा. तो आपला पुरावा आहे.

आता सवयींचे. क्लचवर पाय ठेवून चालवणे, दांडीवर सतत हात ठेवणे, ओल्या फडातून भरलेली ट्रॉली अर्ध्या क्लचवर ओढून काढणे, दोन ट्रॉल्या मागे असताना वरच्या गिअरमध्ये उचलणे, या चार सवयी क्लच आणि फोर्क खातात. हातचे वजन दांडीवर राहिले तर फोर्क सतत कॉलरवर घासतो, हे फार जणांना माहीत नसते. ओल्या फडात ट्रॉली आत न नेता बांधावर भरता आली तर भरावी. नाही तर आधी पाचट टाकून रस्ता करावा आणि सर्वात खालच्या गिअरने काढावी.

हमीपत्रात काय असते

ट्रॅक्टर घेताना आपण रंग पाहतो, हॉर्सपॉवर पाहतो, पेढे वाटतो. हमीपत्र मात्र कपाटात जाते. ते काढून पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

एक, मुदत. ती वर्षांत आणि तासांत, दोन्हींत दिलेली असते, आणि "जे आधी पूर्ण होईल ते" असे त्यापुढे असते. हंगामात रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रॅक्टरचे तास आधी संपतात. काही कंपन्या अलीकडे सहा वर्षांपर्यंत हमी देतात, पण पहिल्या काही वर्षांनंतर ती इंजिन आणि गिअरबॉक्स अशा ठराविक भागांपुरतीच असते.

दोन, वगळलेले भाग. क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग, फिल्टर, तेल आणि रबरी वस्तू सामान्यतः वगळतात. टायर आणि बॅटरी यांची हमी त्या त्या कंपनीची वेगळी असते.

तीन, सर्व्हिस. ठरलेल्या तासांची सर्व्हिस अधिकृत ठिकाणी न केल्यास हमी नाकारता येते. कूपन फाडले पण पुस्तकावर शिक्का नाही, असे होऊ देऊ नका.

चार, बाहेर उघडणे. अधिकृत मेकॅनिकखेरीज कोणी गिअरबॉक्स उघडला, किंवा मूळ कंपनीचा नसलेला भाग बसवला, तर त्या भागापुरता तरी दावा अडचणीत येतो.

पाच, वापर. क्षमतेपेक्षा जास्त ओझे, किंवा शेतीबाहेरच्या वाहतुकीबाबत काही अट आहे का? ऊस वाहतुकीसाठीच ट्रॅक्टर घेणार असाल तर हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

क्लच प्लेट वगळलेली आहे म्हणून लगेच माघारही घेऊ नये. प्लेट का गेली ते विचारा. इंजिनाच्या मागचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढचे सील गळून प्लेटवर तेल आले असेल, तर प्लेट तेलाने गेली, झिजेने नव्हे. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तुटली असेल किंवा तिची बोटे असमान असतील, तर तीही साधी झीज म्हणता येणार नाही. घर उघडल्यावर मालकाने समोर उभे राहावे, भाग डोळ्यांनी पाहावा, फोटो काढावा आणि कारण जॉब कार्डवर लिहून घ्यावे. एकदा जुनी प्लेट भंगारात गेली की मग बोलून उपयोग नाही.

आणखी एक. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अपघाताचे नुकसान विमा देतो. झीज आणि यांत्रिक बिघाड वाहनाच्या साध्या पॉलिसीत येत नाहीत.

एकच रोग, दोन निकाल

आमच्या पाहण्यातले दोन सभासद आहेत. नावे देत नाही. दोघांचेही ट्रॅक्टर हमीच्या मुदतीतले, दोघांनाही तिसरा गिअर सुटण्याचा त्रास.

पहिल्याचा गिअर भर हंगामात रात्री रस्त्यावर सुटला. टोळी फडात बसलेली, ट्रॉली भरलेली. त्याने जवळचा मिस्त्री आणला, वरचे झाकण उघडले, गोळीची स्प्रिंग बदलली आणि खेप कारखान्यावर पोचवली. त्या परिस्थितीत कोणीही तेच केले असते. पण पुढे दात तुटून गिअरबॉक्स बसला, तेव्हा डीलरने उघडलेल्या झाकणाकडे बोट दाखवले. पूर्वी तीन वेळा त्याने "गिअर सुटतो" असे शोरूममध्ये सांगितले होते. सांगितले होते, लिहून दिले नव्हते. एकाही जॉब कार्डवर त्याचा उल्लेख नव्हता. खर्च स्वतःच्या खिशातून गेला.

दुसऱ्याने पहिल्याच वेळी जॉब कार्डवर लिहून घेतले : तिसरा गिअर ओझ्याखाली सुटतो, तास अमुक, तारीख अमुक. दुसऱ्यांदा सुटला तेव्हा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कंपनीच्या अभियंत्याने येऊन पाहावे असा अर्ज दिला आणि पोच घेतली. ट्रॅक्टर पाच-सहा दिवस शोरूममध्ये उभा राहिला, भाड्याच्या ट्रॅक्टरने खेपा कराव्या लागल्या, हे खरे. पण फोर्क, कॉलर आणि तिसऱ्या गिअरचे चक्र हमीत बदलून मिळाले, मजुरीही पडली नाही. त्याच वेळी क्लच प्लेट झिजलेली निघाली, तिचे पैसे त्याने भरले, आणि ते रास्तच होते.

या दोघांत मेकॅनिकीचे ज्ञान एकाला जास्त होते असे नाही. फरक चार ओळींच्या कागदाचा.

कागद कसा करावा

तोंडी तक्रार हवेत जाते. प्रत्येक वेळी जॉब कार्ड मागा. त्यावर आपले शब्द आहेत का ते वाचूनच सही करा. "जनरल चेकिंग" असे लिहिले असेल तर खोडून लक्षण लिहायला लावा. काम झाल्यावर काय बदलले, काय आढळले, हे लिहिलेली प्रत घ्या. "काही दोष आढळला नाही" असे लिहून दिले तरी तो कागद जपा, कारण मुदतीच्या आत आपण तक्रार केली होती याची ती नोंद आहे. हमीत बदललेला जुना भाग कंपनीकडे परत जातो, म्हणून त्याचा फोटो आधीच काढावा.

मुदत संपत आली असेल तर "हंगाम झाला की बघू" म्हणू नका. निदान लेखी तक्रार तरी मुदतीच्या आत नोंदवा. अर्जाचा नमुना देत आहोत :

"प्रति, व्यवस्थापक, (डीलरचे नाव व गाव). विषय : हमी मुदतीतील ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील दोषाबाबत. महोदय, मी आपणाकडून दिनांक ____ रोजी ट्रॅक्टर खरेदी केला आहे. मॉडेल ____, चेसिस क्रमांक ____, इंजिन क्रमांक ____. आज तास मीटरवर ____ तास झाले आहेत. ट्रॅक्टरचा ____ नंबरचा गिअर (सुटतो / पडत नाही / आवाज करतो). इंजिन बंद असतानाही दोष दिसतो / दिसत नाही. याबाबत पूर्वी दिनांक ____ रोजी जॉब कार्ड क्रमांक ____ अन्वये तक्रार केली आहे. सर्व सर्व्हिस वेळेवर केलेल्या आहेत. तरी कंपनीच्या अभियंत्याकडून तपासणी करून हमीनुसार दुरुस्ती करून द्यावी, आणि दावा नाकारल्यास कारण लेखी द्यावे, ही विनंती."

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत कंपनीच्या कार्यालयालाही पाठवा, कारण हमी कंपनीची असते, डीलर हा तिचा हात.

नकार आला तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कित्येक प्रकरणे एवढ्यावर मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. त्यात आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, म्हणजे आपला ट्रॅक्टर त्यात बसतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल केली पाहिजे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग तज्ज्ञ तपासणीसाठी वस्तू पाठवू शकतो. म्हणून वाद सुरू असताना गिअरबॉक्स बाहेर उघडू नये.

दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूच्या खरेदीदाराला या कायद्याने ग्राहक मानलेले नाही. मात्र स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरली जात नाही. आपली शेती आणि स्वतःची ऊस वाहतूक यांसाठी ट्रॅक्टर असेल तर तसे तक्रारीत स्वच्छ लिहावे. चार-पाच ट्रॅक्टर ठेवून वाहतुकीचा धंदा करणाऱ्याला हा आक्षेप येऊ शकतो.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. "मला नवा ट्रॅक्टरच द्या" ही मागणी सहसा टिकत नाही. हमी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर दुरुस्त होण्याजोग्या दोषासाठी सबंध वाहन बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणून मागणी नेमकी करावी : सदोष भाग बदलून द्या, आणि ट्रॅक्टर उभा राहिल्याने झालेला खर्च द्या. त्या खर्चाच्या, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या पावत्या जोडा. पावती नसलेला खर्च सिद्ध करणे फार अवघड जाते.

हंगामापूर्वी

दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, झेंडूची माळ घालतो, पूजा करतो. त्याच दिवशी आणखी तीन कामे करावीत : क्लचचा खेळ मापावा, गिअरचे तेल पाहावे, आणि हमीपत्र कपाटातून काढून त्याची उरलेली मुदत वहीत लिहावी. वरच्या चार चाचण्या पट्टा पडण्यापूर्वीच कराव्यात, कारण तेव्हा शोरूममध्ये गर्दी नसते आणि आपलीही टोळी फडात बसलेली नसते. बिल, सर्व्हिस पुस्तक, जॉब कार्डे आणि तेलाच्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात. ती पिशवी कोठे आहे हे घरातल्या मंडळींनाही ठाऊक असावे.

वाहतूक करार करताना ड्रायव्हरलाही गिअरबद्दलच्या या सूचना वाचून दाखवाव्यात. ट्रॅक्टर मालकाचा असला तरी दांडीवर हात त्याचा असतो, आणि उतारावर जीवही पहिला त्याचाच धोक्यात येतो.

सर्व संबंधित सभासदांनी या लेखाचे कात्रण ट्रॅक्टरच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावे, ही विनंती. अर्ज लिहिण्यास काही अडचण आल्यास आपल्या गट कार्यालयात यावे. आमचे कर्मचारी तो लिहून देण्यास मदत करतील.

कळावे,
ऊस विकास अधिकारी